हाडं भक्कम, तरी सांधे झिजलेले: वाचकांच्या शंका

आईचे गुडघे साठीच्या आतच झिजले, पण डेक्सा तपासणीत (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी) तिची हाडं भक्कम निघाली. हे कसं?

ही जोडी नेहमीची आहे. हाडांची घनता जास्त असणाऱ्यांत गुडघ्याची आणि खुब्याची झीज अधिक आढळते. जाड माणसाचं हाड दाट असतं आणि गुडघ्यावर भारही जास्त येतो, म्हणून आधी वजनावर बोट ठेवलं जायचं. पण घनता ठरवणाऱ्या जनुकीय फरकांच्या आधारे केलेल्या अभ्यासांतही हाच कल दिसला. कूर्चेखालचं (सांध्यातल्या हाडांवरच्या मऊ आवरणाखालचं) हाड कडक असेल तर धक्का नीट शोषला जात नाही, असं त्याचं एक स्पष्टीकरण. हाड घडवणारी डब्ल्यूएनटी ही संदेशयंत्रणा सांध्याच्या कडेला हाड वाढण्यातही भाग घेते, हे दुसरं.

मग मुलांची जनुकीय चाचणी करून ठेवू का?

नको. सांधेझिजेवर 2021 साली सव्वाआठ लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला. त्यात 100 जनुकीय फरक सापडले. बहुतेकांचा वाटा चिमूटभर. जीडीएफ5 जनुकातला फरक सर्वांत परिचित, पण त्यावरून एका माणसाचं भाकीत होत नाही. पॅकेजवाल्या चाचण्यांचे पैसे वाचवा आणि मुलांचं वजन व मांडीच्या स्नायूंची ताकद सांभाळा.

वय 68. टी-स्कोअर (तरुण, निरोगी माणसाच्या तुलनेत हाडाची घनता सांगणारा आकडा) कंबरेत उणे 0.8, खुब्यात उणे 2.7. खरा कोणता?

खुब्याचा. उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, आणि निदान सर्वांत कमी आकड्यावरून होतं. डेक्सा सपाट सावली मोजते. मणक्यांच्या कडेला वाढलेलं हाड, मागचे कडक झालेले छोटे सांधे, पुढच्या महाधमनीतलं कॅल्शिअम, सगळं त्या सावलीत मिसळतं आणि कंबर उगाच भक्कम दिसते. अहवालात एल1 ते एल4 या कंबरेच्या चार मणक्यांचे आकडे सुटे बघा. एखादा मणका शेजाऱ्यापेक्षा 1 पेक्षा जास्त टी-स्कोअरने वेगळा असेल, तर तो वगळून किमान दोन मणक्यांवर हिशेब करतात. दोनही उरले नाहीत, तर कंबर सोडून द्यायची. दोन्ही खुबे बदललेले असतील तर कमी वापराच्या हाताची मनगटाकडची एक-तृतीयांश रेडियसची (कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने मनगटापर्यंत जाणाऱ्या हाडाची) जागा मोजून घ्या. पुढची तपासणी त्याच यंत्रावर करा, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. कंबरेचा आकडा बघून "हाडं ठीक" म्हणत उपचार लांबवले जातात, हा सर्रास होणारा घोटाळा आहे.

दाट हाडांनी सांधे झिजतात, तर कॅल्शिअम बंद करू?

अजिबात नाही. ताटातल्या कॅल्शिअमने घनता इतकी चढत नाही. प्रौढांना दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं, पाळी गेलेल्या स्त्रियांना 1200. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 असतं, म्हणजे 40 ग्रॅम पिठाच्या भाकरीत 140 च्या आसपास.

मला आमवात आहे. हेच लागू?

उलट! तिथे दाह हाड खातो, स्टेरॉइड त्यात भर घालतात. स्टेरॉइड तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल तर डेक्सा लगेच करून घ्या.