मॅडम, माझा ताण किती?

बँकेतले, एसटीतले, हॉस्पिटलातले, हल्ली सगळ्यांना ताणाचा आकडा हवा असतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका एअर ट्रॅफिक कंट्रोलरनंही तोच मागितला. नोकरी मोठ्या शहरातल्या विमानतळावर, घर इथलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मानसशास्त्रज्ञ कोहेन यांची ताण मोजायची दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. 40 पैकी 9.

"बघा, मी ठणठणीत!"

बायको म्हणाली, "रात्री तीनला उठून गॅस बघून येतात. दोन-दोनदा."

ज्याची नोकरीच विमानं ताब्यात ठेवायची, त्याला 'गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या वाटल्या का' विचारलं तर तो 'नाही'च म्हणणार. म्हणून पुढच्या भेटीत मी नासाची 1988 ची सहा रेघांची पट्टी काढली. ती एकेका कामाचा भार मोजते: डोक्याला ताण, अंगमेहनत, घाई, काम किती जमलं, किती जोर लावावा लागला, चिडचिड. ती दोनदा भरायला लावली. एकदा विमानांची रांग लागलेल्या तासासाठी, एकदा पहाटेच्या सामसुमीसाठी.

गर्दीच्या तासात घाई टोकाला, चिडचिड जवळपास शून्य. पहाटेच्या कागदावर मात्र पेन शेवटच्या रेघेवरच अडलं.

"तेव्हा काम नसतं. मग ते आठवतं."

"ते म्हणजे?"

"दोन विमानांतलं अंतर एकदा कमी झालं होतं. झालं काहीच नाही. चौकशी झाली, परत बसलो." थोडं थांबून म्हणाले, "वैमानिक आमची सूचना परत म्हणून दाखवतो. चुकला तर तिथंच पकडता येतं. घरी कोण म्हणून दाखवणार?"

गॅसचा उलगडा तिथं झाला. प्रश्नावलीच्या बेरजेत तो कधीच सापडला नसता, हे मी जरा अभिमानानंच सांगते. मग ठरलं: झोपताना बायकोनं "गॅस बंद" म्हणायचं, यांनी तेच परत म्हणायचं. एकदाच. पुन्हा विचारलं तर तिनं उत्तर द्यायचं नाही, नाहीतर खात्री करून घ्यायची सवयच लागते. उठणं हळूहळू कमी झालं.

कामाचा भार आणि ताण एक नव्हे. कामाच्या ताणाचे अभ्यासक कारासेक यांनी 1979 मध्येच मांडलं होतं की भार मोठा आणि हातात काहीच नाही, ही जोडी माणसाला जास्त पोखरते. त्यामुळे आकडा घ्यायचाच तर शेजाऱ्याशी ताडून बघू नका. स्वतःचाच, ड्युटीनंतर आणि सुट्टीच्या दिवशी, वेगवेगळा लिहा. दोन-तीन आठवडे झोप उडाली असेल तर डॉक्टर गाठा. मेडिकल, म्हणजे कामासाठी लागणारं तब्येतीचं प्रमाणपत्र, जाईल या भीतीनं बरेच जण गप्प बसतात. पण झोप झालेली नसेल, तर हेडसेट चढवण्याआधी सुपरवायझरला सांगायलाच हवं. तिथं मी कुणाचीच बाजू घेत नाही.