नोंदणी क्रमांक मागा, संकोचू नका

ऑनलाइन थेरपीबद्दल आलेल्या पत्रांपैकी तीन या अंकात घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : ताई, घरातून निघताना मी कुलूप ओढून बघते, जिना उतरते आणि परत वर येते. ऑफिसला पोचल्यावरही नवऱ्याला फोन करून विचारते, "कुलूप नीट लागलं होतं ना?" तो "हो" म्हणतो, दहा मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा तेच. यात काही अर्थ नाही हे कळतं, पण थांबवता येत नाही. ऑनलाइन थेरपी घ्यायचं ठरवून एक ॲप उघडलं, तर शेकडो चेहरे! प्रत्येकाच्या नावाखाली तेच शब्द: चिंता, नैराश्य, नातेसंबंध, आत्मविश्वास. कुणी सायकॉलॉजिस्ट, कुणी कौन्सेलर, कुणी माइंड कोच. यांत खरा परवाना कुणाकडे आहे आणि माझ्यासाठी योग्य कोण, हे कसं ओळखायचं?

उत्तर : "तो हो म्हणतो, दहा मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा तेच." थेरपिस्ट शोधताना तुमचं हेच वाक्य धरून ठेवा. त्यावरून तुम्हाला काय हवंय ते कळतं आणि काय नकोय तेही.

नुसत्या पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण तुम्ही लिहिलंय तसं चक्र आम्हा थेरपिस्टांना ओसीडीत, म्हणजे मंत्रचळात, नेहमी दिसतं. शंका येते, जीव कासावीस होतो, माणूस तपासून बघतो किंवा कुणाकडून तरी खात्री करून घेतो. थोडा वेळ सुटल्यासारखं वाटतं आणि त्या सुटकेमुळेच पुढची शंका आणखी जोर धरते. यावर नीट अभ्यासलेला उपचार आहे. त्याला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात. शंका येऊ द्यायची, पण तपासायचं नाही आणि विचारायचंही नाही. अस्वस्थता आपोआप उतरेपर्यंत तिच्यासोबत थांबायचं, असा तो उपचार. १९६६ साली व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर केलेल्या अशा उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि तिथून ही पद्धत वाढत गेली.

हे सगळं आधी सांगितलं, कारण 'माझ्यासाठी योग्य' म्हणजे 'जिच्याशी बोलून हलकं वाटतं ती' असं बहुतेक जण धरून चालतात. तुमच्या बाबतीत तेवढ्यावर जाऊ नका. समजा, एक अतिशय प्रेमळ बाई दर आठवड्याला तुमचं ऐकून घेतात आणि म्हणतात, "काळजी करू नका, कुलूप लागलेलंच असतं." तुम्हाला खूप बरं वाटेल, दहा मिनिटं. म्हणजे तुमचा नवरा फुकट करतो तेच काम त्या फी घेऊन करतील आणि चक्र आणखी घट्ट होईल. त्यांचा परवाना खरा असेल, हेतूही चांगला असेल, तरी तुमचं वर्ष वाया जाईल. असं वर्ष गमावलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात, तेव्हा फार वाईट वाटतं. कारण त्यांचा थेरपीवरचाच विश्वास उडालेला असतो.

आता परवान्याकडे येऊ. माइंड कोच, वेलनेस एक्स्पर्ट, हीलर ही नावं कुणीही लावू शकतं. त्यामागे कुठली नोंदणी असेलच असं नाही. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयकडे असते. १९९२ च्या कायद्याने या संस्थेला नोंदणीचं काम दिलं आहे आणि नोंद झालेल्याला सीआरआर क्रमांक मिळतो. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर. त्यांची नोंद मेडिकल कौन्सिलकडे असते. औषध लागलं तर ते डॉक्टरच लिहून देऊ शकतात, सायकॉलॉजिस्ट नाही. समुपदेशकांसारख्या इतर व्यावसायिकांना नोंदणीच्या कक्षेत आणणारा कायदा २०२१ साली झाला, पण सगळे समुपदेशक अजून त्या यादीत सापडतील असं धरून चालू नका. त्यांच्याकडे पदवी कोणती, कुठून घेतली आणि सध्या सुपरव्हिजन, म्हणजे कामावर ज्येष्ठ थेरपिस्टची देखरेख, कुणाची आहे, हे विचारा. ब्रिटनमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही उपाधी एचसीपीसी या तिथल्या नोंदणी संस्थेकडे नोंद असल्याशिवाय लावता येत नाही. कौन्सेलर किंवा सायकोथेरपिस्ट या शब्दांना मात्र तिथे कायद्याचं असं संरक्षण नाही. म्हणून नावापुढचा शब्द वाचून थांबू नका, नोंदणी क्रमांक मागा आणि ज्या संस्थेने तो दिला तिच्याच यादीत स्वतः शोधा. प्रमाणपत्राचा फोटो म्हणजे पडताळणी नव्हे. यादीतलं नाव आणि पडद्यावरचं नाव जुळतंय का, नोंदणीची मुदत संपलेली तर नाही ना, एवढं पाहायला पाच मिनिटं पुरतात. क्रमांक मागितल्यावर कुणी नाराज झालं, तर तिथेच विषय संपला. प्रामाणिक माणूस तो आपणहून देतो.

नोंदणी जुळली, की ठरवायच्या आधी दहा-पंधरा मिनिटांचा कॉल मागा. बरेच थेरपिस्ट देतात. त्या कॉलवर आपली सगळी कहाणी सांगत बसू नका, वेळ पुरत नाही आणि विचारायचं राहून जातं. आपला त्रास तीन-चार वाक्यांत आधीच कागदावर लिहून ठेवा, तो वाचून दाखवा आणि मग सरळ विचारा: "अशा त्रासावर तुम्ही नेमकं काय करता? ईआरपीचं प्रशिक्षण घेतलंय का? दोन सेशन्सच्या मध्ये मला घरी काय करावं लागेल?" उत्तर ऐकताना ते किती ठोस आहे याकडे लक्ष द्या. "आपण बोलू, मन मोकळं करू, मुळापर्यंत जाऊ" एवढंच ऐकू आलं, तर आभार मानून पुढचा कॉल लावा. "आधी तुमच्या तपासण्यांची यादी करू, कमी त्रासाच्या गोष्टीपासून सुरुवात करू, आणि तुमच्या नवऱ्याने फोनवर काय म्हणायचं ते त्यांच्यासोबत बसून ठरवू," असं कुणी म्हणालं, तर त्या व्यक्तीने हे काम केलेलं आहे. नवऱ्याचा उल्लेख तिने स्वतःहून केला, तर मी तिला लगेच निवडीन.

तुमच्या त्रासात ऑनलाइन असण्याचा एक मोठा फायदा आहे. तुमची शंका दवाखान्याच्या खोलीत येत नाही, ती तुमच्या दाराशी येते. व्हिडिओ कॉलवर थेरपिस्ट तुम्हाला फोन घेऊन दाराबाहेर उभं राहायला सांगू शकते. कुलूप एकदा लावायचं, ओढायचं नाही, किल्ली पिशवीत टाकायची आणि पाठ फिरवायची. कानात इअरफोन असतो. ती विचारते, "शून्य ते शंभर, अस्वस्थता आत्ता किती?" तुम्ही म्हणता, "नव्वद." दोघी तशाच थांबता. ती "लागलंय कुलूप" असं म्हणत नाही, मुद्दामच म्हणत नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारते. आकडा पहिल्या दिवशी फारसा उतरेलच असं नाही, पण दाराकडे परत न जाता तुम्ही जिना उतरता. माझ्या खुर्चीत बसून हे इतकं थेट करता येत नाही.

ॲपबद्दल एक काळजी मात्र घ्या. २०२३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या एका मोठ्या कंपनीवर कारवाई केली. लोकांनी विश्वासाने भरलेली माहिती तिने जाहिरातींसाठी दुसऱ्या कंपन्यांना पुरवल्याचा आरोप होता आणि ७८ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटलं. नाव नोंदवताना येणारी ती लांबलचक प्रश्नावली थेरपिस्ट वाचतेच असं नाही, पण कंपनीकडे ती राहते. तिथे गरजेपुरतंच भरा. मनातलं थेरपिस्टलाच सांगा.

प्रश्न : मी शिकायला अमेरिकेत आले आहे. इंग्रजी चांगलं आहे, पण रडू येतं ते मराठीतच. भारतातल्या एखाद्या थेरपिस्टशी व्हिडिओवर बोलले तर चालेल का?

उत्तर : भाषेचा तुमचा आग्रह अगदी रास्त आहे. तो सोडू नका. अडचण कायद्याची आहे. अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो आणि सेशनच्या वेळी तुम्ही कुठे बसला आहात हे साधारणपणे पाहिलं जातं. थेरपिस्ट कुठे बसली आहे तेवढ्यावर भागत नाही. तिथल्या अनेक राज्यांनी सायपॅक्ट नावाचा करार केला आहे, त्यामुळे एका राज्यातल्या पात्र सायकॉलॉजिस्टना करारातल्या दुसऱ्या राज्यांतल्या लोकांवर ऑनलाइन उपचार करता येतात. भारतातली नोंदणी त्यात बसत नाही.

म्हणून आधी तिथेच शोधा. बऱ्याच थेरपिस्ट-सूच्यांमध्ये भाषेनुसार शोधायची सोय असते. त्यात मराठी निवडा आणि तुमचं राज्य सायपॅक्टमध्ये असेल, तर तेवढ्यापुरतंच न बघता करारातली बाकीची राज्यंही बघा. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रालाही विचारा. त्यांच्याकडे नावं असतात. तुम्ही दोन-चार आठवडे दुसऱ्या राज्यात जाणार असाल, तर थेरपिस्टला आधी कळवा, नाहीतर ऐन वेळी सेशन रद्द करावं लागतं.

भारतातलं कुणी "सगळं चालतं, कुणी बघत नाही" म्हणालं, तर त्यांना इतकंच विचारा: रात्री माझी तब्येत बिघडली, तर तुम्ही माझ्या शहरात कुणाला फोन कराल? चांगली थेरपिस्ट पहिल्याच सेशनला तुमचा तेव्हाचा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर लिहून घेते. पुष्कळ जणांना ही नसती चौकशी वाटते. तुमचा जीव धोक्यात आला, तर पडद्यापलीकडच्या माणसाला मदत पाठवता यावी म्हणून ती विचारत असते. ऑनलाइन थेरपी ही तातडीची सेवा नव्हे. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर पुढच्या सेशनची वाट बघू नका, जवळचं रुग्णालय गाठा. तुम्ही आहात तिथे, अमेरिकेत, ९८८ आणि भारतातल्या वाचकांसाठी सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६, हे दोन्ही हेल्पलाइन नंबर रात्रंदिवस चालू असतात.

प्रश्न : सतत उदास वाटतं म्हणून ऑनलाइन थेरपी सुरू केली. सहा सेशन्स झाली. मॅडम फार चांगल्या आहेत, मनापासून ऐकतात. पण लॅपटॉप बंद केला की जैसे थे. त्यांना सांगायचं कसं? दुखावतील अशी भीती वाटते.

उत्तर : त्यांना सांगा. तुमच्या उदासीइतकंच हे बोलणंही थेरपीचा भाग आहे.

१९७९ साली एडवर्ड बॉर्डिन यांनी थेरपिस्ट आणि त्याच्याकडे येणारा माणूस यांच्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोचायचं यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांबद्दलचा विश्वास. हे नातं जितकं चांगलं, तितका उपचारांचा गुण चांगला, असं पुढे शेकडो अभ्यासांतून दिसलं. २०१८ साली २९५ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही हेच निघालं, आणि ऑनलाइन थेरपीतही तसंच. तुमच्याकडे तिसरी गोष्ट, विश्वास, भरपूर आहे. पहिल्या दोन गोष्टींवर मात्र तुम्ही दोघं कधी बोललाच नाहीत, असं पत्रावरून वाटतं.

पुढच्या सेशनच्या सुरुवातीलाच म्हणा, शेवटच्या पाच मिनिटांत नको: "मॅडम, तुमच्याशी बोलून बरं वाटतं, पण बाहेर काही बदलत नाही. आपण कशासाठी काम करतोय आणि ते होतंय की नाही हे कसं बघायचं, ते ठरवू या का?" आणि नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ सारखी प्रश्नावली दर दोन-तीन आठवड्यांनी भरून घ्या अशी विनंती करा. नऊ प्रश्न, शून्य ते सत्तावीस गुण, जितके जास्त तितका त्रास जास्त. सुरुवातीला अठरा होते आणि आता सतरा आहेत, हे कागदावर समोर आलं की दोघांनाही खरं बोलणं सोपं जातं. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. तिथे काही असेल तर लपवू नका.

त्या काय करतात ते बघा. "बरं झालं बोललात," असं म्हणून त्यांनी योजना बदलली, तर आणखी तीन-चार सेशन्स द्या, ती वाया जाणार नाहीत. त्यांनी दोष तुमच्यावर ढकलला, "तुम्हीच मन मोकळं करत नाही" म्हणाल्या किंवा विषय टाळला, तर थेरपिस्ट बदला. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. निघताना दोन गोष्टी मागा: अशा त्रासावर काम करणाऱ्या कुणाचं तरी नाव, आणि आतापर्यंतच्या कामाचा लेखी गोषवारा. तुम्ही भारतात असाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मिळवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे.

नव्या थेरपिस्टला पहिल्याच कॉलमध्ये तो गोषवारा पाठवा आणि सांगा, "सहा सेशन्स झाली, ऐकून घेणं खूप झालं. आता मला दर आठवड्याला करायला काहीतरी हवंय."