वडिलांच्या हिरड्या, शुगर आणि दातांची सफाई

ताई, तुम्ही लिहिलंय की वडील 58 वर्षांचे आहेत, शुगर आहे, ब्रश करताना रक्त येतं आणि खालचे पुढचे दोन दात हलतात. नाशिकच्या सिडकोतल्या डॉक्टरांनी डीप क्लीनिंग, म्हणजे हिरडीखालची सफाई, सांगितलंय, पण सफाईने दात ढिले होतात असं शेजारचे म्हणतात. मलाही हेच सांगून घाबरवलं होतं. त्या भीतीपायी मी दोन वर्षं घालवली आणि एक दाढ गमावली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दातावर रोज बसणारा चिकट थर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत दगडासारखा कडक होतो. तेच कीटण. ते हिरडीखाली गेलं की हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा होतो आणि आतलं हाड झिजायला लागतं. दात हलतो तो हाड गेल्यामुळे. सफाईनंतर जिभेला लागणारी फट आधीपासूनच असते, कीटणाने बुजलेली असते एवढंच. सूज उतरल्यावर दात लांब दिसतात, थंड पाणी झोंबतं. मला पहिले काही आठवडे पंचवटीतल्या नळाचं साधं पाणीसुद्धा सोसत नव्हतं, मग ते हळूहळू थांबलं.

वडिलांच्या हिरड्यांतल्या खिशांची मोजणी झाली आहे का, ते आधी विचारा. माझ्या वेळी डॉक्टर बारीक खुणांची सळई प्रत्येक दाताच्या कडेने फिरवत होत्या आणि शेजारची मुलगी आकडे लिहून घेत होती: तीन, दोन, तीन, सहा, सात. ही खिशाची खोली, 3 मिलिमीटरपर्यंत ठीक समजतात. ‘सात’ ऐकलं आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. पण त्या आकड्यांमुळेच पुढे सुधारणा झाली की नाही ते कळलं. त्या तक्त्याची प्रत मागून घ्या. हाड किती उरलंय ते एक्स-रेत दिसतं.

सफाई भूल देऊन, दोन-तीन बैठकांत करतात. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजतात आणि तरीही खोल राहिलेल्या जागी कधी कधी हिरडी उघडून साफ करावी लागते. गेलेलं हाड बहुतेक परत येत नाही, उरलेलं टिकवायचं असतं. दात हलत असल्यामुळे एकदा हिरड्यांच्या एमडीएस तज्ज्ञाला दाखवाच. खर्चाची अडचण असेल तर पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात जा. वेळ जातो, पण खर्च कमी येतो.

शुगरकडे मात्र दुर्लक्ष नको. वाढलेल्या शुगरमुळे हिरड्या लवकर भरत नाहीत आणि हिरड्यांतल्या सुजेमुळे शुगर आटोक्यात राहायला त्रास होतो. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवा. वडील मिश्री लावत असतील किंवा तंबाखू खात असतील तर ती बंद व्हायलाच हवी. आमच्या घरी सासूबाईंच्या उशाशी मिश्रीची डबी असायची, त्यामुळे हे किती अवघड आहे ते मला माहीत आहे. तरीही सांगते, तंबाखू सुरू ठेवून हिरड्यांचा इलाज नीट लागू पडत नाही.

सफाईनंतरचं काम घरचं आहे. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून हलक्या हाताने फिरवायचा. रक्त येतं म्हणून ती जागा सोडायची नाही, तिथेच जास्त गरज असते. दातांच्या फटीत घालायचा बाटली धुवायच्या ब्रशासारखा छोटा ब्रश मिळतो, फटीच्या मापाचा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पहिला आठवडाभर तो माझ्या हातात लालभडक यायचा, वासही यायचा. रोज रात्री घालत राहिले, तिसऱ्या आठवड्यात तो स्वच्छ आला तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून दाखवला होता. क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढेच दिवस करा, लांबवल्या तर दातांवर तपकिरी डाग पडतात. लवंग तेल, मीठ-हळद यांनी खिशातलं कीटण निघत नाही. त्यात महिने घालवू नका.

आता दर तीन महिन्यांनी मी तपासणीला जाते. चार वर्षं झाली, एकही दात गेला नाही.

पहिल्या बैठकीला जाताना वडिलांना वेळेवर जेवू घाला, शुगरची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, आधी फोन करून विचारा.