वाचनालयात भरणाऱ्या मोफत रोजगार व मार्गदर्शन मेळाव्याला जाऊन खरोखर काही उपयोग होतो का?

आपल्या वहिनी बारावी उत्तीर्ण आहेत, लग्नानंतर सात वर्षे घरीच होत्या आणि आता नोकरी शोधत आहेत. नाशिकमध्ये सिडकोतील घराजवळच्या वाचनालयात मोफत मेळावा भरणार आहे, तेथे त्यांनी एक दिवस घालवावा का, असे आपण विचारले आहे. त्यांनी अवश्य जावे. मात्र कंपन्यांच्या टेबलांपुढील रांगेत उभे राहण्याआधी त्यांनी मार्गदर्शनाच्या टेबलांवर जावे, असा माझा आग्रह आहे. शहरातील एका लहान वाचनालयाच्या अशा मेळाव्यांत मी गेली काही वर्षे अर्ज भरून देण्याच्या टेबलावर बसत आलो आहे, आणि पुढे जे लिहितो आहे ते त्या अनुभवावरून.

त्याच दिवशी हातात नेमणूकपत्र पडेल, ही अपेक्षा ठेवू नये. बहुतेक कंपन्यांचे लोक बायोडेटा घेतात, दोन-चार प्रश्न विचारतात आणि पुढच्या मुलाखतीसाठी सातपूर, अंबड, सिन्नर किंवा गोंद्याच्या कारखान्यात बोलावतात. हे बोलावणे फोनवर येते, आणि तेथेच पुष्कळ जणांची संधी हुकते, कारण बायोडेट्यावर दिलेला क्रमांक भावाचा किंवा शेजाऱ्यांचा असतो, नाहीतर अनोळखी क्रमांक म्हणून फोन उचललाच जात नाही. वहिनींनी स्वतःचा, चालू असलेला क्रमांक द्यावा आणि पुढचे पंधरा दिवस प्रत्येक फोन घ्यावा.

खरी अडचण कागदपत्रांची असते. एका मेळाव्यात साधारण तिशीच्या एक ताई आल्या होत्या. निळ्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये त्यांनी सगळे कागद जपून आणले होते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार कार्ड सासरच्या नावाने, आणि बँकेच्या पासबुकावर पतीच्या नावाचे स्पेलिंग निराळेच. पॅकिंग विभागासाठी त्यांची निवड झाली होती, पण गुणपत्रिकेवरील आणि आधारवरील व्यक्ती एकच असल्याचा पुरावा नसल्यामुळे रुजू होणे अडले होते. ‘मी तर एकच आहे ना हो,’ असे त्या मला म्हणाल्या, आणि त्यावर काय बोलावे ते मला क्षणभर सुचले नाही. त्यांच्या विवाहाची नोंदणीच झालेली नव्हती. मार्गदर्शनाच्या टेबलावर त्यांना महापालिकेच्या विभागीय कार्यालयात उशिरा का होईना नोंदणी कशी करायची, आणि त्यानंतर राजपत्रात नावातील बदल कसा प्रसिद्ध करून घ्यायचा, हे कागदावर क्रमाने लिहून दिले. ती नोकरी गेली, पण दोन महिन्यांनी कागद पूर्ण झाल्यावर दुसऱ्या ठिकाणी त्या विनाअडथळा रुजू झाल्या. आपल्या वहिनींनी मेळाव्याच्या आधीच्या रविवारी आधार, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून नावातील अक्षर न् अक्षर पडताळून पाहावे.

दुसरी अडचण ओटीपीची. राज्य शासनाच्या महास्वयम संकेतस्थळावरील रोजगार नोंदणी मोफत असते, आणि मेळाव्यात ती आम्ही करून देतो. परंतु आधारला जोडलेले सिम कधीच बंद पडलेले असेल, तर काम तेथेच थांबते. तसे असल्यास आधी आधार केंद्रावर जाऊन क्रमांक बदलून घ्यावा. त्या घरबसल्या शिवणकाम किंवा डबे करीत असतील आणि भविष्य निर्वाह निधी (पीएफ) वा ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या सभासद नसतील, तर ई-श्रम या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावरील नोंदणीही त्याच टेबलावर करून घ्यावी. ही सोय २०२१ पासून आहे आणि १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांसाठी आहे.

कंपनीच्या टेबलावर गेल्यावर पगाराच्या आधी एक प्रश्न विचारावा: नेमणूक कंपनीच्या रोलवर, म्हणजे थेट कंपनीकडे आहे, कंत्राटदाराकडे आहे, की शिकाऊ उमेदवार म्हणून आहे? हा प्रश्न उद्धट समजला जाईल, या भीतीने अनेक जण तो विचारतच नाहीत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली घेतलेल्या उमेदवाराला विद्यावेतन मिळते, पगार नाही; त्याला पीएफ आणि ईएसआय लागू होत नाहीत आणि मुदत संपल्यावर कायम करण्याचे बंधन कंपनीवर सहसा नसते. आयटीआय झालेल्या तरुणाला तो अनुभव मोलाचा ठरतो. घर चालवण्यासाठी नोकरी शोधणाऱ्या व्यक्तीने मात्र हे समजूनच होकार द्यावा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबाबतही हेच. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,००० रुपये विद्यावेतन ठरले होते, पण ते प्रशिक्षण आहे, नोकरी नव्हे.

त्यानंतर शिफ्ट आणि बस. सिडकोतून अंबड जवळ आहे, पण सिन्नर किंवा गोंद्याला दुसऱ्या शिफ्टचे काम असेल तर कंपनीची बस कोणत्या चौकातून सुटते आणि रात्री परत कोठे सोडते, हे तेथेच विचारून लिहून घ्यावे. नोंदणी, गणवेश किंवा अनामत या नावाखाली कोणी पैसे मागितले, तर देऊ नयेत आणि आयोजकांना लगेच सांगावे. मेळावा मोफत असतो, म्हणजे उमेदवाराकडून कोणत्याही टप्प्यावर पैसे घ्यायचे नसतात. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत.

हे सगळे वाचनालयात कशासाठी, असेही आपण विचारले आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे, त्यामुळे वाचनालयात जाणे ही गोष्ट या शहराला नवी नाही. मैदानावरच्या मोठ्या मेळाव्यात जायला कचरणाऱ्या कितीतरी स्त्रिया मुलाचे पुस्तक बदलण्याच्या निमित्ताने आमच्याकडे येतात, खुर्चीवर बसतात आणि हळूहळू विचारू लागतात. शिवाय मैदानावरचा मांडव संध्याकाळी उतरतो, वाचनालय मात्र दुसऱ्या दिवशीही उघडे असते. आमच्याकडे मेळाव्यानंतर एक नोंदवही ठेवलेली असते. कोणाला बोलावणे आले, कोणाचा कागद अडला, हे तिच्यात लिहिले जाते आणि ग्रंथपाल पुढच्या आठवड्यात स्वतः फोन करतात. आपल्याकडच्या वाचनालयात अशी वही नसेल, तर ती सुरू करण्याची विनंती वहिनींनी जरूर करावी.

त्यांनी सकाळी दार उघडण्याच्या वेळेसच पोहोचावे, कारण दुपारनंतर कंपन्यांचे लोक निघू लागतात. एका पानाच्या बायोडेट्याच्या आठ-दहा प्रती सोबत असाव्यात. मधल्या सात वर्षांबद्दल विचारले, तर संकोच न करता खरे कारण सांगावे, आणि त्या काळात बचत गटाचे हिशेब पाहिले असतील, शिकवण्या घेतल्या असतील, तर ते बायोडेट्यातही लिहावे.