लग्नानंतर सुटलेली कविता चाळिशीत पुन्हा धरली, तर बाईचं आयुष्य खरंच बदलतं का?

ताई, कॉलेजात कविता करायचात, मग वीस वर्षं एक ओळ नाही, आणि आता वही घेऊन बसलात की घरचे म्हणतात, "याचा उपयोग काय?" मी परभणी जिल्ह्यातली, झेडपीच्या शाळेत शिकवते. लिहायला लागले सेहेचाळिसाव्या वर्षी. बदलतं, ताई. कसं, ते मला माझ्या सासूबाईंमुळे कळलं.

आमच्या ओसरीत जातं पडून होतं. गावात गिरणी आली तेव्हापासून त्याला कुणाचा हात नव्हता. एका दिवाळीच्या सुट्टीत मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, ओव्या म्हणा, मोबाइलवर भरून घेते." त्या बसल्या, पण एक ओळ आठवेना. म्हणाल्या, "जात्याबिगर कशी येईल?" मग मूठभर ज्वारी घातली, समोरून मी खुंट्याला हात लावला. दोन-तीन फेरे झाले आणि ओव्या येत राहिल्या त्या थांबेचनात. त्यातच ही आली:

सून मास्तरीण माझी, निघाली शाळंला
भाकरीचं पीठ बाई, तिच्या कपाळाला

माझ्यावरची ओवी! मला नोकरी लागली त्या साली रचलेली. पण तोवर जातं बंद पडलेलं, म्हणणार कुठं आणि कुणाजवळ? तेवढी वर्षं मी धरून चालले होते की माझी नोकरी त्यांना खुपते.

तुम्हाला सांगायचंय ते एवढंच. जात्याला दोघी लागतात. एकीनं ओवी काढायची, दुसरीनं ती झेलायची. तुमची कविता सुटली ती संसारामुळे, हे खरंच. पण समोर बसणारी कुणी उरली नाही, म्हणूनही सुटली असेल.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात 1996 साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही आहेत. सासर-माहेर, भाऊ, पंढरी हेच जिथं गायलं जायचं, तिथं या बायकांनी दळता दळता आपला माणूस आणला. आमच्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई दळणाकांडणातच विठ्ठलाला हाक मारत होती. काम सुटलं नाही तिचं. पण त्या कामाबद्दल बोलणारी ती झाली.

आणि शिऊरच्या बहिणाबाई (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, या वैजापूर तालुक्यातल्या, 1628 ते 1700). ब्राह्मणाच्या घरातली बाई तुकोबांना गुरू मानते, हे नवऱ्याला सहन झालं नाही. त्याचा मार, त्याचा राग, सगळं त्यांनी अभंगात स्वतःच्या तोंडानं सांगितलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी एक बाई "माझ्यावर हे झालं" असं लिहून ठेवते, हे मला दर वेळी नव्यानं हलवून जातं. संसार त्यांनी सोडला नाही. पण त्यांची हकिकत त्यांचीच राहिली, नवऱ्यानं सांगितलेली नाही.

कविताच पाहिजे असंही नाही. आमच्या शेजारीण वाकळ शिवतात, आणि लग्नातलं लुगडं कुठं लावायचं, मधोमध की काठाला, यावर दोन दिवस विचार करतात. त्यांना अक्षर येत नाही, पण त्या काय करतायत ते मला कळतं.

तर स्पर्धा, दिवाळी अंक, पुस्तक हे राहू द्या तूर्त. आधी एकच बाई शोधा. बहीण, जाऊ, शाळेतली मैत्रीण, कुणीही. लिहिलेलं तिला मोठ्यानं वाचून दाखवा. फॉरवर्ड नका करू, वाचूनच दाखवा. स्वतःचा आवाज स्वतःच्या कानावर पडला की पहिल्यांदा छाती धडधडते, आणि नंतर घरात दुसऱ्या गोष्टी बोलतानाही तोच आवाज निघतो. मी शेतीच्या कागदांवर माझंही नाव लावा म्हणाले, ते लिहायला लागल्यावर वर्षभरानं.

माझी पहिली कविता हंड्याच्या रांगेवर होती. ती मी ओसरीत आत्याबाईंना वाचून दाखवली. त्या भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. झाल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "ती दुसरी वळ पुन्हा म्हण."