स्क्रीनवर शेवाळी, खोक्यावर काळा

प्रश्न : आमच्या ॲपला आणि प्रॉडक्टच्या खोक्याला एकच गर्द, मळकट हिरवा ठेवलाय, कोड २एफ४ए३सी. स्क्रीनवर मस्त दिसतो, पण क्राफ्ट पेपरवर छापून आला तो चक्क काळा! प्रेसवाले म्हणतात फाइलच तशी होती. आणि ॲपमध्ये टीमला तो सगळीकडे हवाय, वापरू का?

उत्तर : प्रेसवाल्यांवर लगेच चिडू नका, बहुतेक ते खरं बोलतायत. स्क्रीनचा हिरवा उजेडातून बनतो, खोक्यावरचा शाईतून, आणि क्राफ्ट पेपर ती शाई टिपकागदासारखी पितो, ठिपके पसरतात, त्यात कागद मुळातच तपकिरी, मग गर्द रंग बुडणारच ना. छपाईच्या फाइलमध्ये काळ्या शाईचा टक्का बघा, ६०च्या आसपास असेल तर घोळ तिथेच आहे. हिरवा मळवायला सगळे काळा ओततात (मीही बरीच वर्षं तेच करायचे), पण काळ्याने रंग मरतो, मॅजेन्टाने (म्हणजे छपाईतल्या गडद गुलाबी शाईने) तो नुसता शांत होतो, कारण मॅजेन्टा हिरव्याच्या बरोब्बर विरुद्ध. काळा ३५वर उतरवा, मॅजेन्टा ४०च्या पुढे न्या आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, त्याच कागदावर काढा, चकचकीत आर्ट पेपरवर नको.

मॅजेन्टा जास्त झाला तर मात्र रंग तपकिरीकडे घसरतो. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये सिगारेटच्या पाकिटांना मुद्दाम नकोसा वाटेल असा रंग दिला, पँटोन ४४८ सी (पँटोन म्हणजे छपाईच्या रंगांना नंबर देणारी पद्धत). आधी त्याला ऑलिव्ह ग्रीन म्हणत होते, ऑलिव्हवाल्यांनी तक्रार केल्यावर त्याच रंगाचं नाव मळकट तपकिरी झालं. एवढं कमी अंतर आहे बघा!

ॲपमध्ये वापरा की, पण सगळीकडे नको. तुमच्या रंगावर पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) साडेनऊच्या वर जातो, नीट वाचायला लागतो ४.५, म्हणजे बटणाला झकास. काळी अक्षरं टाकलीत तर जेमतेम २.२, वाचताच येणार नाहीत. डार्क मोडमध्ये हाच रंग बॅकग्राउंडमध्ये विरघळतो, तिथे फिकट शेड लागेल. खरी गोची वेगळीच आहे, 'सेव्ह झालं'ची टिकसुद्धा हिरवीच असते, मग बटण कुठलं आणि झालेलं काम कुठलं हे कळत नाही. टिकेला उजळ हिरवा द्या आणि शेजारी शब्दही लिहा, लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक असतात.

आणि हो, नवीन प्रूफ ट्यूबलाइटखाली पास करू नका, दिवसा खिडकीपाशी नेऊन बघा.