"तिथे नुसतं खेळवतात हो, ताई"

"दोन महिने झाले, ताई. आठवड्यातून दोनदा रिक्षाने नेते-आणते. आणि तिथे काय, तर झोका, चेंडू, मातीचे गोळे. वहीत एक ओळ वाढली नाही. हे म्हणतात, खेळायला पैसे कशाला मोजायचे? खेळेल की अंगणात."

सोनूची आई बोलता बोलता रडकुंडीला आली होती. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सोनू साडेसहा वर्षांचा, पहिलीत. ऑक्युपेशनल थेरपीला, म्हणजे लिहिणं, जेवणं, कपडे घालणं अशी रोजची कामं मुलाला स्वतः जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांना, मीच पाठवलं होतं, म्हणून जाबही मलाच विचारायला हवा होता. हा प्रश्न मला इतक्या पालकांनी विचारला आहे, की त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

आधी माझी चूक सांगते. सोनू पहिल्यांदा आला तो "लिहायचा कंटाळा करतो, हट्टी आहे" या तक्रारीवर. मीही तेच धरून चालले. एक ओळ लिहिली की एक चांदणी, असा तक्ता करून दिला. तीन आठवड्यांत मुलगा वही दिसली की पोट दुखतंय म्हणू लागला. मग मी त्याला माझ्यासमोर लिहायला बसवलं आणि या वेळी वहीकडे न बघता त्याच्याकडे बघत राहिले. दोन मिनिटांत तो टेबलावर ओघळला. डावा हात कागद धरायच्या ऐवजी डोकं धरून बसला. पेन्सिल मुठीत इतकी घट्ट, की बोटांची टोकं पांढरी पडली होती. तो कंटाळा नव्हता, मुलगा दमत होता.

मग दिवसभराची विचारपूस केली. शर्टाची बटणं आई लावते. डब्याचं झाकण शाळेतल्या मावशी उघडतात. आणि जेवण? "आजी भरवते. त्याला पोळी आवडतच नाही, नुसता वरणभात खातो." इथे मला थांबावंसं वाटलं. एका हाताने पोळीचा तुकडा मोडून पाहा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिघांनी तीन वेगवेगळी कामं करायची असतात. जमत नसेल तर लहान मूल "मला येत नाही" असं म्हणणार नाही. ते "मला आवडत नाही" म्हणेल. सोनूला पोळी मोडता येत नव्हती.

डोळे तपासून घेतले, ते ठीक होते. मग थेरपिस्टकडे पाठवलं.

आता त्या खेळांचं. लिहिणं बोटांनी होतं हे खरं, पण बोटांना मनगटाचा, मनगटाला खांद्याचा आणि खांद्याला पाठ-पोटाचा आधार लागतो. सोनूचं धडच स्थिर नव्हतं. झोक्यावर पालथं झोपवून खालच्या पिशव्या उचलून टोपलीत टाकायला लावतात, तेव्हा मान, पाठ आणि खांदे काम करत असतात. पाय धरून हातांवर चालवतात, तेव्हा अंगाचा भार तळव्यांवर येतो. भिंतीवर कागद लावून रंगवायला देतात, कारण उभ्या कागदावर मनगट आपोआप मागे वळतं, लिहिताना हवं तसं. गोळ्यात लपवलेले वाटाणे चिमटीने काढणं हा बोटांचा व्यायाम. त्याला खेळाचं रूप असतं, कारण साडेसहा वर्षांचं मूल व्यायाम म्हणून दहा वेळा काही करत नाही, खेळ म्हणून पन्नास वेळा करतं. अंगणातला खेळ हवाच. पण तिथे मूल स्वतःला जमतं तेच निवडतं आणि न जमणारं टाळतं. थेरपिस्ट नेमकं टाळलेलं समोर आणते, मुलाला पेलेल एवढंच.

हे काही नवीन खूळ नाही. 1950 साली कमलाबाई निंबकरांनी मुंबईत केईएम रुग्णालयात या विषयाचं प्रशिक्षण सुरू केलं, तेव्हापासून ते आपल्याकडे आहे.

तरी सोनूच्या आईचा राग मला पूर्ण चुकीचा वाटला नाही. दोन महिन्यांत तिला कुणी हे समजावून सांगितलंच नव्हतं. दार बंद, मूल आत, आई बाहेर बाकावर. पालकांनी विचारायलाच हवं: पुढच्या तीन महिन्यांत नेमकं काय जमायला हवं? घरी आम्ही काय करायचं? मला आत बसून बघता येईल का? उत्तरं मिळत नसतील तर दुसरीकडे दाखवा. पैशांची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या सरकारी योजनेतून अंगणवाडीतल्या आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार मोफत होतात. त्यासाठीच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा.

सोनूच्या थेरपिस्टशी मी बोलले. पुढच्या वेळेपासून आई आत बसू लागली आणि घरची कामं ठरली. बटणांची रीत मला फार आवडते: वरची सगळी आईने लावायची, शेवटचं तेवढं सोनूने. ते हाताला बसलं की शेवटची दोन. काम पूर्ण केल्याचा आनंद दर वेळी मुलाच्या वाट्याला येतो. शिवाय मटार सोलणं, कणीक मळणं, ओला रुमाल पिळणं. वही महिनाभर बंद. यावर वडील नाराज होते, पण ऐकलं.

सगळ्यांत अवघड गेलं ते आजींना. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "लेकराच्या तोंडात घास घालायचा नाही, मग मी घरात करायचं तरी काय?" त्यांना तंत्र समजावण्यात अर्थ नव्हता. तो घास म्हणजे त्यांचं या घरातलं स्थान होतं. मी एवढंच म्हटलं, "ताटापाशी तुम्हीच बसा. फक्त हात कशात तरी गुंतवा."

त्यांनी कापूस घेतला. सोनू जेवतो तेव्हा आजी शेजारी बसून वाती वळतात. पहिले काही दिवस अर्धी पोळी ताटाबाहेर सांडली, जेवायला पाऊण तास लागला. आता सहा महिने झालेत. पोळी मोडतो, बटणं लावतो, वरचं एक अजून अडतं. लिहिणं वर्गाच्या मागेच आहे, बाईंनी फळ्यावरून उतरवायचं कमी केलं आहे. पोटदुखी मात्र थांबली.

आणि जेवण झालं की तो आजींकडून कापूस मागून घेतो. थेरपिस्टने वाती वळणं घरच्या कामांच्या यादीत लिहून टाकलंय.